टेप लावलेलं बटण

डिमर आबांना घरातला एकही दिवा उगाच जळताना बघवत नसे. त्यांची उमेदीची सगळी वर्षं नाटकांचे दिवे सांभाळण्यात गेलेली. विंगेतल्या काळोखात स्टुलावर बसायचं, डिमरचा दांडा हलक्या हाताने वर सरकवून नायिकेच्या चेहऱ्यावर पहाट उतरवायची, आणि ती आत गेली की पहाट अलगद गोळा करून घ्यायची. टाळ्या मिळाल्या नायिकेला. आबांना मिळालं हे टोपणनाव आणि एक सवय. जिथून पात्र गेलं, तिथला दिवा बंद.

आता नाटक उरलं नव्हतं, पण पात्रं होती. बायको स्वयंपाकघरातून घोटभर पाणी घेऊन बाहेर आली की मागे अंधार. न्हाणीघरात कोणी जरा रेंगाळलं तरी अंधार. मग आतून आरोळी येई, "अहो, मी आत आहे!"

त्या घरात यंदा नवं नेपथ्य लागलं. सूनबाई एका मालवाहतूक कंपनीत होती. कुठला ट्रक कुठल्या गोदामाकडे धाडायचा, हे ती ठरवायची. त्यासाठी पहाटे घर सोडायची आणि दिवेलागणीनंतर उतरल्या चेहऱ्याने परतायची. शेवटी साहेब एकदाचे म्हणाले, "महिनाभर घरून करून दाखवा. निभावलं तर कायमचं घरून." म्हणून खिडकीजवळच्या टेबलावर मधे लॅपटॉप आला, दोन बाजूंना दोन मोठे मॉनिटर आले. एकावर रस्त्यांचा नकाशा, दुसऱ्यावर ट्रकची यादी. आणि या तिघांची गाठ घालून देणारा, साबणाच्या वडीएवढा अ‍ॅडॅप्टर. त्याचा स्वतःचा चार्जर टेबलामागच्या बटणाला जोडलेला.

सून घरी असली की दुपारच्या जेवणाला बोलणं असतं, कोणीतरी कोणाची तरी फिरकी घेतं, हे आबांनी ओळखलं होतं. सकाळपासूनच ते ताटं घेण्याची घाई करू लागले.

पहिल्याच दिवशी गंमत झाली. सूनबाईने माउसचा बाण उजवीकडे ढकलला, तर तो डावीकडच्या मॉनिटरवर उगवला.

"याची एन्ट्री चुकीच्या विंगेतून होतेय," आबा म्हणाले.

"आबा, ते सेटिंगमध्ये बदलता येतं. थांबा हं, मी बघते..."

ती बघेपर्यंत आबांनी दोन्ही मॉनिटर उचलून इकडचे तिकडे केले होते. वायरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, पण बाण निमूटपणे उजवीकडून आला.

"बघ! पडदा न पाडता सेट बदलला."

"कंबर धरली तर मी चोळणार नाही," बायकोने आधीच सांगून टाकलं.

खरी पंचाईत पुढे झाली. जेवून सूनबाई टेबलाशी आली की नकाशाचा मॉनिटर काळाठिक्कर. यादी दिसतेय, नकाशा नाही. तिकडे ड्रायव्हर फोनवर खोळंबलेले, "ताई, डावीकडे वळू की सरळ जाऊ?" बिचारी वायर काढून परत लावायची. नवी वायर आणून झाली. कंपनीच्या मदतनीसाला फोन झाला. त्याने लॅपटॉप बंद करून चालू करायला लावला, काहीबाही अपडेट करायला लावलं आणि शेवटी स्वतःच सुस्कारा सोडला.

मग आबा पुढे सरसावत. "सरका. तिसरी घंटा होऊ दे." ते टेबलामागे हात घालत, तिथली सगळी बटणं खटाखट बंद करत, एक मोठा श्वास घेत आणि सगळी चालू करत. नकाशा लख्ख उजळे!

"हाताला गुण आहे," आबा छाती फुगवून म्हणत. शेजारच्या शिंप्यालाही त्यांनी हे सांगितलं होतं, आणि तो आपलं बिघडलेलं मशीन घेऊन यायच्या बेतात होता.

आता आबांचा हा गुण येत कुठून होता? सूनबाई जेवायला उठली की तिला हाक मारायला गेलेले आबा खोलीतून सर्वांत शेवटी बाहेर पडत. पात्र गेलेलं असे. आबांच्या डोक्यात त्या वेळी कोशिंबीर असे, हात मात्र आपल्या जुन्या नोकरीवर असे. तो टेबलामागे जाऊन खुट्कन एक बटण खाली करून येई. चार्जर मेला, की एकट्या लॅपटॉपच्या जिवावर अ‍ॅडॅप्टरला दोन मॉनिटर पेलत नसत. तो एक सोडून देई.

महिना भरत आला. साहेबांनी दुपारी व्हिडिओवर यायचं कळवलं. समोर बसून काम बघणार आणि निकाल देणार. त्या दिवशी आबांनी जेवणानंतर टेबलाशेजारीच खुर्ची टाकली. "आज मी पहाऱ्याला. नकाशा डोळे मिटतोच कसा, बघतो!" बायकोही दारात मोड आलेली मटकी निवडायला बसली.

सूनबाई केस नीट करायला आत गेली.

नकाशा विझला.

"गेला!" आबांच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं, लवकर ये! आता गं काय करायचं?"

"अहो," बायको म्हणाली, "जरा तुमचा हात बघा."

आबांनी पाहिलं. त्यांचं बोट अजून बटणावरच होतं.

सूनबाई कंगवा हातात घेऊन दारात उभी होती. आबांचा चेहरा असा पडला की रागवायचं तिच्या मनातच राहिलं. तिने पुढे होऊन बटण दाबलं आणि हसू आवरत म्हणाली, "आबा, अंधारही तुम्हीच करायचा आणि टाळ्याही तुम्हीच घ्यायच्या?"

"मला वाटलं, अ‍ॅडॅप्टरच नाटकी आहे," आबा पुटपुटले.

साहेब अवतरले तेव्हा नकाशा उजळलेला होता. ट्रक एकामागून एक योग्य गोदामाला लागले. आबा सारा वेळ दोन्ही हात काखेत दाबून बसले होते. "ठीक आहे, कायमचं घरून करा," साहेब म्हणाले, तेव्हा कुठे त्यांनी हात मोकळे केले.

मग ते उठले आणि आपला जुना पत्र्याचा डबा घेऊन आले. त्यातून काळी टेप काढली, आणि चालू बटणावर दोन पट्ट्या आडव्या-उभ्या चिकटवल्या.

"पहिल्या घंटेपासून शेवटच्या पडद्यापर्यंत जे बटण चालू राहायला हवं, त्यावर आम्ही टेप लावायचो. मग त्याला दिग्दर्शकानेसुद्धा हात लावायचा नाही."

"आणि तुम्ही?" बायकोने विचारलं.

"मी तर मुळीच नाही."

दुसऱ्या दिवशी जेवायला हाक मारून आबा खोलीतून शेवटी निघाले. हात सवयीने टेबलामागे गेला, बोटाला टेप लागली आणि चटका बसावा तसा मागे आला. पण एकदा निघालेला हात रिकामा परतणार कसा? वाटेत स्वयंपाकघराचं बटण होतंच.

"अहो! मी आत आहे!"