साडूभाऊ परीक्षेला बसतात

दुसऱ्याच्या परीक्षेची तयारी स्वतः करणारा माणूस अख्ख्या आखातात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघावा, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. स्वतःच्या परीक्षा त्यांनी आयुष्यात कशाबशाच पार पाडल्या असाव्यात, पण दुसऱ्याची परीक्षा म्हटली की यांच्या अंगात येतं. माझी मेहुणी दुबईत ड्रायव्हिंग शिकत होती तेव्हाची गोष्ट. यांच्याकडे लायसन्स केव्हाचं होतं. तरी हे स्वयंपाकघरात दोन पिंपांच्या मध्ये खुर्ची उलटी सरकवत पार्किंगचा सराव करायचे. टेस्टच्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी इतके क्लच आणि ब्रेक दाबले की मेहुणी पास होऊन आली आणि साडूभाऊ लंगडत घरी गेले. माझ्या व्हिसाच्या मेडिकलला तर हा गृहस्थ गरज नसताना माझ्याबरोबर उपाशी राहिला. रक्त माझं काढलं, चक्कर यांना आली. "साडू, एकट्याला कसं सोडायचं तुम्हाला?" नर्सनं दिलेला ज्यूस पीत मला म्हणाले.

आम्ही दोघे बर दुबईत एकाच बिल्डिंगमध्ये राहत होतो. तेही मंदी येईपर्यंत. मग क्रेन जागच्या जागी थांबल्या, यांच्या बांधकाम कंपनीनं गाशा गुंडाळला, आणि बरीच खटपट करून साडूभाऊंना रास अल खैमाच्या एका टाइल्सच्या कारखान्यात नोकरी मिळाली. पगार जेमतेम निम्मा. बायको-मुलगी बर दुबईतच राहिल्या. हे गुरुवारी संध्याकाळी सँपलच्या टाइल्स डिकीत घालून घरी यायचे. आमच्या बाथरूममध्ये आज एकासारखी दुसरी टाइल नाही, ते त्यांच्याच प्रेमामुळे.

आता मुलीचं. सानिका हुशार. इंजिनियरिंगला अमेरिकेत जायचं हे तिचं शाळेपासून ठरलेलं. साडूभाऊ पूर्वी एका प्रोजेक्टवर तिकडे होते तेव्हा तिचा जन्म झालेला, त्यामुळे पासपोर्ट तिकडचा. पण पासपोर्टवर फी माफ होत नाही. साडूभाऊंनी एकदा तिथली फी डॉलरची दिरहममध्ये केली, दिरहमची रुपयांत केली, आणि कॅल्क्युलेटर पालथा घालून बाल्कनीत जाऊन उभे राहिले. पोरीनं विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. पण सगळ्या घराला कळलं की आता काहीतरी मार्ग निघायला हवा, नाहीतर अमेरिका खलास.

मार्ग साडूभाऊंनीच शोधला. कॉलेजात शिकता शिकता लष्करी अधिकाऱ्याचं ट्रेनिंग घ्यायचं, आणि फी तिथलं सरकार भरणार, अशी स्कॉलरशिप. "आणि साडू, नुसती फी नाही," मंदिराच्या गल्लीत मला गाठून ते म्हणाले, "ही स्कॉलरशिप असली की कॉलेजवालेसुद्धा जरा प्रेमानं बघतात. फी कुठून येणार ही काळजी नको, आणि मुलगी पहाटे उठणारी आहे याची गॅरंटी. आमच्या कॉलेजातल्या छात्रसेनेसारखंच हो. रविवारी परेड, परेडनंतर नाश्ता, आणि सर्टिफिकेटचे ॲडमिशनला जादा मार्क!"

स्कॉलरशिपला तीन गोष्टी लागत होत्या: मार्क, फिटनेस आणि इंटरव्ह्यू. मार्कांचं सानिका बघणार होती. बाकी दोन्ही साडूभाऊंनी अंगावर घेतलं. शुक्रवारी सकाळी खाडीच्या काठानं बापलेक पळताना दिसायचे. म्हणजे पोरगी पळताना दिसायची, आणि बऱ्याच वेळानं ऑफिसचे बूट घातलेले साडूभाऊ दिसायचे. अब्रावाले, म्हणजे खाडीतले होडीवाले, त्यांना ओळखायला लागले. "यल्ला चाचा, बैठ जाओ, उस पार छोड देता हूँ," म्हणायचे. घरी आले की जोर काढायचे. मोजायचे साडूभाऊच, आणि या मोजणीत त्यांचा एक खास न्याय होता. जोर सानिकाचे असले की बारा झाल्यावर हे पुन्हा दहा म्हणायचे, आणि स्वतःचे असले की सातावरून थेट अकरावर जायचे. "बाबा, दॅट्स चीटिंग," पोर म्हणायची. "हे मॅनेजमेंट आहे," बाप जमिनीवरून उत्तर द्यायचा.

इंटरव्ह्यू फोनवर होणार होता. एक कर्नल प्रश्न विचारणार. त्याची तालीम आमच्या घरी, आणि माझा आवाज जाड म्हणून कर्नल मी. आमच्या हिनं पोहे केले होते. साडूभाऊंनी छापून आणलेले प्रश्न मी वाचायचे, सानिकानं उत्तर द्यायचं, आणि ती तोंड उघडायच्या आत साडूभाऊंनी द्यायचं, असा एकंदर प्रकार चालला होता. नेतृत्व म्हणजे काय, तेही त्यांनीच सांगितलं. मेहुणी नुसती कपाळाला हात लावून बसली होती.

मग मी पुढचा प्रश्न वाचला. "कॉलेज संपल्यावर काही वर्षं सैन्यात नोकरी करावी लागेल. तुमची तयारी आहे?"

"अर्थातच!" साडूभाऊ म्हणाले. आणि मग थांबले. "कसली नोकरी?"

"सर्व्हिस, बाबा. आर्मीत," सानिका म्हणाली.

फीचं पान यांनी तोंडपाठ केलं होतं, ॲडमिशनचं पान केलं होतं. त्याच्या पुढचं पान उघडलंच नव्हतं, कारण छात्रसेनेत नाश्त्यानंतर पुढे काही नसतं. हातातली बशी त्यांनी खाली ठेवली. इतक्या वर्षांत मी त्यांना पोहे अर्धवट टाकताना पाहिलं नव्हतं.

"बंद करा हे," ते म्हणाले. "फीचं मी बघतो. गाडी विकतो, पुण्याचा फ्लॅट विकतो. पण फीसाठी मी पोरीला लढाईवर पाठवणार नाही."

"बाबा, आय रेड दॅट पेज फर्स्ट," सानिका म्हणाली. मग मराठीत बोलली. ही पोर आमच्याशी अख्खं वाक्य मराठीत कधी बोलायची नाही. "मी फीसाठी नाही करत, बाबा. आर्मीतले इंजिनियर पूल बांधतात, पूर आला की रातोरात बांधतात. मला ते करायचंय. फीचं पान मी नंतर वाचलं."

माझा कर्नल तिथंच विरघळला, खोटं कशाला सांगू. साडूभाऊंनी खाली ठेवलेल्या बशीकडे पाहिलं. मग बशी पुन्हा उचलून म्हणाले, "मग जोर कमी पडतायत तुझे. उद्यापासून वाढव."

स्कॉलरशिप मिळाली. ज्या कॉलेजनं तिला वेटिंगवर ठेवलं होतं, त्यानंही पाठोपाठ बोलावलं. स्कॉलरशिपमुळे घेतलं की मार्कांवर, याचा कीस आमच्या शेजारच्या मीना बझारातल्या बायकांनी खूप काढला. कॉलेजनं काही सांगितलं नाही. मला विचाराल तर दोन्हीमुळे. साडूभाऊंना विचाराल तर त्यांच्या नेतृत्वावरच्या उत्तरामुळे, जे त्या कर्नलनं कधी ऐकलंच नाही.

ती गेली त्या हिवाळ्यात मी कामानिमित्त रास अल खैमाला गेलो होतो. दुपारचा चहा साडूभाऊंबरोबर घ्यावा म्हणून कारखान्यात डोकावलो. बाहेर बसलेले मल्याळी क्लार्क म्हणाले, "सर अभी परेड पे हैं." मी केबिनचं दार ढकललं. टाइल्सच्या खोक्यांच्या मध्ये, टाय खांद्यावरून मागे टाकून, साडूभाऊ जमिनीवर पालथे.

"अहो, हे काय? ती गेली, पास झाली, सगळं झालं. आता कशाला?"

"तिकडे आत्ता पहाट आहे," ते धापा टाकत म्हणाले. "बर्फात पळवतायत तिला. मी इथं चहा पीत बसू?"

मी दार लोटून घेतलं आणि बाहेर खुर्चीवर बसलो. माझा चहा आला, त्यांचाही आला आणि बशीनं झाकून ठेवला. आतून मोजणी ऐकू येत होती. सहा, सात. मग बराच वेळ काहीच नाही, नुसता श्वास. मी अकराची वाट बघत होतो. पण आतून, अगदी दमलेल्या आवाजात, आठ आला.