अर्ध्या भाड्याचं लॉन

आमच्या धाकटीचं, माझ्या बहिणीचं, लग्न आधी दोनदा ठरून मोडलं होतं. पहिल्यांदा साखरपुड्यानंतर, दुसऱ्यांदा पत्रिका छापून आल्यावर. दोन्हीकडच्यांनी धड कारणही दिलं नाही. तिसऱ्यांदा ठरलं तेव्हा आई मला एवढंच म्हणाली, "या येळी मोडलं तर पोर पुन्ना उभी राहायची नाय रं."

बाबा गेल्यापासून कर्जतच्या भिसेगावातल्या घराचा कारभार माझ्याकडे आहे. मी चिकट आहे, हे बायको चारचौघांत सांगते आणि मला त्याचं काही वाटत नाही. हाताशी चार लाख होते आणि तेवढ्यातच बसवायचं होतं. सहाशे माणसांची यादी मी साडेतीनशेवर आणली. छापील पत्रिका फक्त देवाला आणि म्हाताऱ्यांना, बाकीच्यांना मोबाइलवर. डीजेवर फुली मारली म्हणून मामांनी अबोला धरला. यादीत अजून फुल्या मारायच्या बाकी आहेत असा निरोप धाडल्यावर ते बोलायला लागले. गाडी अडली होती ती हॉलपाशी. शेवटी खालापूरच्या बाजूला एक लॉन मिळालं, मधला वार म्हणून अर्ध्या भाड्यात. मला कोण आनंद झाला.

आईला दाखवायला नेलं. एप्रिलच्या उन्हानं लॉन पिवळं पडलं होतं, पण स्टेजसमोरचा एक गोल मात्र हिरवागार होता. तिथं पाणी मारावं लागत नाही, असं मॅनेजर कौतुकानं सांगत होता. आई गेटपासून सरळ चालत निघाली, त्या गोलापाशी आली आणि कडेकडेनं वळसा घालून पलीकडे गेली. परत येतानाही तसंच.

"बरी हाय जागा," ती म्हणाली. "पैसे देऊन टाक."

मला खटकलं. पण भाडं अर्धं होतं.

हळद भर दुपारी होती. आमच्या जुन्या गावच्या चार म्हाताऱ्या टेंपोतून उतरल्या. खालापूरकडच्या त्या गावातली शेती विकून बाबा कर्जतला आले ते माझ्या जन्माआधी, त्यामुळे मी त्यांना तोंडओळखीपुरताच ओळखत होतो. गप्पा मारत त्या मांडवात शिरल्या आणि हिरव्या गोलापाशी एकदम गप्प झाल्या. चपला काढून हातात घेतल्या. एकीमागं एक, आईसारखाच वळसा घालून गेल्या, पलीकडे चपला घातल्या आणि राहिलेलं बोलणं पुढं सुरू केलं. केटररची माणसं, वराकडचे पाहुणे, पोरंटोरं त्याच गवतावरून खुशाल ये-जा करत होते.

मी शेवटच्या म्हातारीला गाठून विचारलं.

"आरं, ही तुमचीच जमीन," ती म्हणाली. "हितं तुमची इहीर व्हती. तुजी थोरली बहीन हिच्यातच गेली. मग तुज्या बापानं बुजवली न् इकून टाकली."

माझ्याआधी एक बहीण होती आणि चार वर्षांची असताना ती तापानं गेली, असं मला घरात सांगितलेलं होतं. चार पैसे वाचवायला मी आईला त्या विहिरीवर आणून उभं केलं होतं.

धाकटीला हळद लावून झाली होती. बायका तिला न्हायला घेऊन गेल्या आणि आई उरलेल्या हळदीची वाटी घेऊन गोलाकडे निघाली. मी मागं गेलो. या वेळी तिनं वळसा घातला नाही. मधोमध जाऊन बसली आणि पोरीच्या पायाला लावावी तशी हलक्या हातानं गवताला हळद लावू लागली.

"आई, आधी सांगायचंस ना. दुसरीकडे केलं असतं. जमवले असते मी पैसे."

"दुसरीकडं नकोच व्हतं मला," ती म्हणाली. "थोरली तशीच राह्यली न् आमी धाकटीचं काढलं. दोनदा का मोडलं ते मला ठावं हाय. रुसली व्हती."

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण तिनं हात उचलला तेव्हा तो ओला होता आणि तळव्यावर हळदीचा टिपूसही नव्हता. हळद साबणानं धुतली तरी दोन दिवस जात नाही.

दुसऱ्या दिवशी लग्न मुहूर्तावर लागलं. कुणी रुसलं नाही, काही कमी पडलं नाही, आणि धाकटी इतकी हसत होती की मला भरून आलं. पाठवणीच्या वेळी सगळ्या बायका रडल्या, आई रडली नाही. वराची गाडी गेटबाहेर पडली तशी ती गोलापाशी जाऊन उभी राहिली.

"चल गं," ती हळूच म्हणाली. "झालं तिचं. आपन घरी जाऊ."

कर्जतला परतताना रिक्षात मागं आम्ही दोघंच होतो. आई एका कडेला सरकून बसली आणि मलाही दुसऱ्या कडेला सरकायला लावलं. मधे एका लहान पोरीपुरती जागा राहिली. वाटभर खड्डे होते, रिक्षा हेलकावे खात होती, पण घर येईपर्यंत मी दांडा सोडला नाही आणि मधे सरकलो नाही.