बोट हुंगणाऱ्या सिस्टर

आमच्या सिस्टर साखर तपासायला पेशंटचं बोट टोचण्याआधी ते नाकाशी नेऊन हुंगायच्या. नवा माणूस गांगरून जायचा. मग त्या गंभीर चेहऱ्यानं सांगायच्या, "मशीनला नाक नसतंय. ते देवानं मला दिलंय."

निघोज्याच्या एका कंपनीत त्या प्रथमोपचाराच्या खोलीत होत्या. मूळच्या लातूरकडच्या, राहायला चिखलीत, आमच्या शेजारी. माझे वडील आप्पा अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळले, तेव्हा साखर तपासायला त्यांना रिक्षात घालून नेणं म्हणजे चौघांचं काम, आणि रिपोर्ट थेट संध्याकाळी. सिस्टरांनी मला साखर मोजायचं मशीन आणायला लावलं आणि उत्तर पलंगावरच मिळू लागलं. मी तर खुळावलोच. ऊठसूट टोचायचो.

"खेळणं हाय का ते? आप्पांच्या बोटाची चाळणी करायलास," त्या करवादायच्या. रोज फर्स्ट शिफ्ट करून आल्या की आधी आप्पांकडे, मग स्वतःच्या घरी.

मी नोकरीत पर्मनंट झालो त्या दिवशी पेढे आणले. त्याच आनंदात आप्पांचं बोट टोचलं, तर मशीन साडेचारशे दाखवतंय! भिंतीवरची डॉक्टरांची चिठ्ठी बघून मी इन्सुलिन भरलंसुद्धा. तेवढ्यात सिस्टर दारात.

"थांब!" त्यांनी आप्पांचं बोट हुंगलं. "पेढा कुणी खाल्ला?"

"म्या न्हाई, बाई," आप्पा म्हणाले. "ह्याला भरवला."

सिस्टरांनी साबणानं त्यांचा हात धुतला, कोरडा केला, पुन्हा टोचलं. एकशे दहा. भरलेली सिरिंज माझ्या हातात तशीच होती. ते इन्सुलिन गेलं असतं तर आप्पा त्या दिवशीच गेले असते. सिस्टर सिरिंज काढून घेत म्हणाल्या, "पर्मनंट झालास व्हय? मग दे की मला बी पेढा."

आप्पा पुढे चार वर्षं जगले. ती वर्षं मी सिस्टरांची मानतो.

निवृत्त होऊन त्या गावी गेल्या. मलाही साखर निघाली, तेव्हा रोज फोनवर आधी विचारायच्या, "हात धुतलास?" मगच आकडा ऐकायच्या. गेल्या वर्षी त्या वारल्या. फार आठवण येते.

अजूनही मी हात धुतो, पुसतो, बोट हुंगतो, मग टोचतो. परवा साखर एकशे दहा आली आणि हात आपसूक फोनकडे गेला.