गुलाबरावचा गुडघा

टेम्पोत कपाट चढलं, पलंग चढला, आईची शिलाई मशीन चढली, आई पुढच्या सीटवर बसली. आणि बाबांनी भर रस्त्यात डोळे मिटून हात जोडले. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला. "काकाजी, देवाले वाटेत सांगजा ना, ऊन होऊन राहिलं!" बाबांनी एक डोळा उघडला. "थांब गा, तुयंच नाव घेऊन राहिलो." बिचाऱ्याने हॉर्नवरचा हात काढला.

कळमेश्वरजवळचं आमचं गाव आम्ही असं सोडलं. पंधरा वर्षं झाली. तुम्ही गावातच राहिलेले म्हणाल, जुनं कशाला उकरतोस? आणि आमच्यासारखे निघून आलेले, तुम्हाला तर काही सांगायलाच नको.

आमच्या घरी रविवारी येशूची प्रार्थना व्हायची. आठ-दहा माणसं आणि एक ढोलकी. ती काहींना खुपायला लागली. आधी दुकानातून सामान मिळेना, मग नळावर आईची घागर रांगेत मागे सरकायला लागली. एका रविवारी गाणं चालू असतानाच छपरावर दगड आले. छपराचं कवेलू फुटून आईच्या कपाळावर पडलं, तीन टाके. त्या वेळी मी, घरातला धट्टाकट्टा तरुण, धान्याच्या कोठीमागे शूरपणे उभा होतो. "प्रार्थना बंद करा, नाहीतर गाव सोडा," असं बैठकीत बोलले ते शेजारचे गुलाबराव, बाबांचे लहानपणापासूनचे दोस्त. टेम्पो निघाला तेव्हा ते समोरच्या ओट्यावर गुडघा चोळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

आणि बाबा देवाला काय सांगत होते? "प्रभू, गुलाबरावचा गुडघा लय दुखून राहिला. त्याले आराम दे."

नागपुरात आधी सक्करदऱ्याला दोन खोल्या, मग मला मिहानमधल्या एका कंपनीत स्टोअरची नोकरी, आता लिफ्टवाला फ्लॅट. लिफ्ट बंद असते, ते सोडा. सगळं बदललं, बाबांची जेवणाआधीची प्रार्थना तेवढी बदलली नाही. यादी ठरलेली: आजारी, प्रवासी, सरकार, नातवाचं गणित आणि शेवटी गुलाबरावचा गुडघा. तोवर वरण गार. त्या नावाला मी डोळे उघडून मुद्दाम कर्रकन कांदा चावायचो. देव ऐकतो तर कवेलू पडलंच कसं, असंही एकदा विचारलं. "ते तुया डोक्स्यावर पडाले पायजे होतं बाबू," बाबा म्हणाले. "थोडं तरी उघडलं असतं."

गेल्या महिन्यात बाजारात गुलाबरावांची सून भेटली. मी सहज विचारलं, गुडघा कसा आहे?

"मामाजी जाऊन दोन वर्सं झाले नं भाऊ. शेवटी तर दोन्ही गुडघे गेले होते."

शहाणपणाचा कळस म्हणजे, हे मी घरी ताटावर बसतानाच सांगितलं. आवाजात थोडा विजयही असावा. बाबांनी प्रार्थना सुरू केली. आजारी, प्रवासी, सरकार, गणित. आणि थांबले. मेलेल्या माणसासाठी आमच्यात देवाकडे काही मागत नाहीत.

"दोन वर्सं मी मेलेल्या माणसाचा गुडघा घेऊन बसलो," ते म्हणाले. "अन् त्या वरच्यानं सांगतलंही नाही."

गाव सुटलं तेव्हासुद्धा बाबांचे शब्द सुटले नव्हते. आता सुटले. चार दिवस यादी तिथेच अडायची. आमेन नाही, काही नाही, ते नुसते हात खाली घ्यायचे. चार दिवस वरण गरम मिळालं. कोणालाच ते गोड लागलं नाही.

पाचव्या दिवशी ते अडले तेव्हा कांदा माझ्या हातात होता.

"प्रभू," मी म्हणालो. जन्मभर ऐकूनही पुढचं सुचेना. "गुलाबरावांच्या मागे कौसल्याकाकू आहेत. त्यांच्या गुडघ्यांचं मला काही माहीत नाही. पण लक्ष ठेव."

आईने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

"आमेन," बाबा म्हणाले. मग हळूच, "त्याच्या सुनेचंही नाव घे गा. उन्हातान्हात बाजार करते."

आमचं गावचं घर पडलं, असं ती सून म्हणाली होती. पडलं असेल. पण मी काकूंचं नाव घेतो तेव्हा तो ओटा दिसतो, नळ दिसतो, आईची मागे सरकलेली घागरही दिसते. मी कांदा ताटात ठेवून देतो. वरण पुन्हा गार होतं.