खिशातली वेलची

घरात खिरीसाठी वेलची कुटली की मला अंधेरीतल्या चर्चमागची ती खोली आठवते. दारू सोडणाऱ्यांची मीटिंग तिथं भरते असं कळल्यावर आधी मी गेटावरूनच परत फिरलो होतो, कोणी ओळखीचं बघेल म्हणून. पुढच्या रविवारी आत शिरलो. त्या दिवशी प्यायलो नव्हतो, तरी दाराशी पोचताच, वास झाकायला खिशात कायम असायची ती वेलची सवयीनं तोंडात टाकली. फिनेलनं पुसलेल्या त्या खोलीत मी बाकावर बसलो, तसे शेजारचे काका जरा सरकले आणि हळूच म्हणाले, "वेलची थुंकून ये बाहेर. इथं चहातपण घालत नाही आम्ही." मी म्हटलं, "काका, आज घेतली नाहीये, शप्पथ." "माहितीये रे. पण त्या वासानं इथं प्रत्येकाला आपापलं खोटं आठवतं." सगळ्यांसमोरून मान खाली घालून मी बाहेर गेलो, थुंकलो, आणि कसाबसा परत आत आलो. त्यानंतर दारूला शिवलो नाही, त्यालाही आता वर्षं झाली. पण आजही घरात वेलचीचा वास सुटला की बायको आधी माझ्या तोंडाकडे बघते, मग खिरीच्या पातेल्याकडे.