रेवाबांच्या परसातले रंग

रेवाबांच्या परसातला एक किस्सा सांगायला घेतला की त्याला धरून दुसरा येतो, आणि माझी तव्यावरची भाकरी करपते!

साठ-सत्तरच्या दशकातली गोष्ट. लग्न होऊन मी अमळनेरहून सुरतेला आले. आमचे हे मिलच्या रंगखात्यात. भेस्तानला घरमालकीण रेवाबांच्या घरामागच्या चाळीत आमची खोली, शेजारी धुळ्याची सुमन. परसात झेंडू, हळद, डाळिंब, नीळ. दसऱ्याला मी तोरणासाठी झेंडू खुडला, तर बा धावत आल्या, "अरे, आ तें सुमननी साडी तोडी नाखी!"

तेव्हा कळलं, मी सुमनच्या साडीचा रंगच खुडला होता; ही बाग देवासाठी नव्हती, कापड रंगवायला होती.

*

सुमनला धीर कमी. बांना न विचारता तिनं नवऱ्याचा सदरा हळदीत बुडवला. छान पिवळा झाला. पुढं साबण लावला आणि सदरा लालभडक!

"माय वं, रगत!" सुमन किंचाळली. सगळी चाळ गोळा.

बांनी शांतपणे लिंबू पिळलं. सदरा परत पिवळा.

सुमन हात जोडून म्हणाली, "बा, नजर कोणाची लागली होती?"

*

सुमनची सासू आली तेव्हा आम्ही डाळिंबं सोलत होतो. साली रंगासाठी डब्यात, दाणे तिच्या ताटलीत. गावी जाऊन ती सांगत सुटली, "सुरतेत सालं जपून ठेवतात अन् दाणे वाटून टाकतात!"

*

आमच्या ह्यांना मिलच्या रंगांचा भारी अभिमान. बांनी निळीच्या रांजणातून कापड काढलं, तर हिरवं!

"बा, निळा म्हणता म्हणता पोपटी काढलात की!" हे हसले.

बांनी कापड दोरीवर टाकलं. वारा लागला तसं ते बघता बघता निळं झालं. हे दोरीला फेरी मारून आले. "कापड बदललं कोणी?"

*

बा तरुणपणीच विधवा झालेल्या. आम्हा सगळ्यांना रंगवून द्यायच्या, स्वतः मात्र कायम पांढऱ्या साडीत. एका दिवाळीला कामरेजहून त्यांचा मुलगा मिठाई घेऊन आला. बांनी दार उघडलं, अंगावर झेंडूत रंगवलेली पिवळीधमक साडी!

तो उंबऱ्यातच थबकला. "बा, आ शुं? लोक काय म्हणतील?"

 मी आणि सुमन परसातून बघत होतो.

त्यानं आवाज खाली आणला. "धुतल्यावर निघेल ना हा रंग?"

बांनी त्याच्या हातातली मिठाई घेतली. "माझ्या हातचा रंग कधी निघालाय?"