बोरीवलीवर तीन घिरट्या

नैरोबीहून निघालो तेव्हा बेत अगदी सोपा होता. सकाळी मुंबईत उतरायचं आणि एकच्या आत बोरीवलीचं नर्सिंग होम गाठायचं. आईच्या पित्ताशयातले खडे काढायचे होते. तिनं फोनवर बजावलं होतं, "तुझं तोंड बघितल्याशिवाय मी टेबलावर चढणार नाही." तिच्यापुढे डॉक्टरचं काय चालणार, कप्पाळ!

शेजारच्या सीटवर वाकोल्याचे सावंतकाका होते. जन्मभर कंट्रोल रूममध्ये बसून विमानांना वाटा दाखवल्या आणि आता निवृत्त. जेवणात उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा) आली. काकांनी ती लोणच्याशी खाल्ली. मी नुसती बघितली.

खाली पाणीच पाणी. "काका, आपण मुंबईच्या रडारवर दिसतोय ना?"

"भर दर्यात रडार खंयचा (कुठलं) रे?"

म्हणजे विमान ठरावीक ठिकाणी आपला ठावठिकाणा कळवणार आणि त्यावरून मुंबईतला कंट्रोलर दोन विमानांत काही मिनिटांचं अंतर राखणार. झकास! डोळे बांधून हायवे ओलांडायचा, पलीकडून कुणीतरी ओरडणार, "ये ये, गाडी नाही!"

किनाऱ्याजवळ एकदाचे रडारवर आलो. मी बूटसुद्धा चढवले. तर विमान लागलं घिरट्या घालायला. खाली नॅशनल पार्क, पलीकडे बोरीवलीचे टॉवर. एक फेरी, दुसरी, तिसरी. घर दिसतंय पण जागा मिळत नाही, याला मुंबईत पार्किंग म्हणतात.

तेवढ्यात वैमानिकानं सांगितलं, मागच्या विमानात एक रुग्ण आहे, त्याला आधी उतरवतायत.

"वा! मागून आला आणि पुढे गेला! वशिला लागतो यार." मी हवाईसुंदरीला बोलावून आईचं ऑपरेशन सांगितलं. तिनं मला पाणी आणून दिलं.

काका म्हणाले, "तुझी आवस (आई) डॉक्टरकडे असा. त्या माणसाक डॉक्टर अजून मिळूचो असा (मिळायचा आहे)."

मी ते पाणी गटागट पिऊन टाकलं. संतापलो होतो आणि खरं सांगायचं तर घाबरलोही होतो.

उतरलो, तर अंधेरीला हायवे तुंबलेला. तो कशाला मागे राहतोय! नर्सिंग होममध्ये पोचेपर्यंत दोन वाजून गेले. धावत वर गेलो, तर आई हिरवा गाउन घालून खाटेवरच बसलेली.

"एकाला माझाच नंबर होता. पण एक पोरगी आली रे, अपेंडिक्सनं नुसती कळवळत होती. डॉक्टर म्हणाले, थांबाल का? म्हटलं, विचारता काय, घ्या तिला आधी." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला रे का एवढा उशीर?"

"मागच्या विमानात एक आजारी माणूस होता. त्याला आधी उतरवलं."

"बरं केलं. वाचला ना तो?"

मला माहीत नव्हतं. मी कुणाला विचारलंच नव्हतं.